ताम्रपटाची साक्ष आणि तिची उलटतपासणी

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या मनात लढाया, किल्ले आणि राजवाडे उभे राहतात. आज आम्ही जो विषय घेतला आहे त्यात लढाई नाही आणि किल्लाही नाही. कोणीएक विद्वान जुन्या ताम्रपटावर निबंध लिहितो, तो संशोधनाच्या नियतकालिकाकडे पाठवितो आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी तो छापून येतो, एवढीच ही हकीकत. ती ऐकावयास आपण संध्याकाळी घरची कामे टाकून का यावे, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, आपल्या वर्धा जिल्ह्याच्या प्राचीन इतिहासाविषयी आज जे काही ठामपणे सांगता येते, ते बव्हंशी अशाच मोजक्या निबंधांच्या जोरावर सांगता येते. देवळी, हिंगणघाट, जांब, पवनार ही नावे देशोदेशीच्या ग्रंथालयांत पोहोचली ती या मार्गाने. तो मार्ग कसा आहे आणि त्यावर कोणती जकात द्यावी लागते, हे पाहण्यासारखे आहे.

आधी ताम्रपट म्हणजे काय ते थोडक्यात सांगू. राजाने गाव किंवा जमीन दान दिली की तिची सनद तांब्याच्या पत्र्यांवर कोरून देत. पत्रे दोन, तीन, चार असत. त्यांना भोक पाडून तांब्याच्या कडीत ओवीत आणि कडीला राजमुद्रा लावीत. आत राजाची वंशावळ, दान घेणाऱ्याचे नाव व गोत्र, गावाच्या चतुःसीमा, तिथी आणि शेवटी दान हिरावून घेणाऱ्याला साठ हजार वर्षांच्या नरकाचा शाप, असा मजकूर असे. कागद कुजतो, भूर्जपत्र जळते, तांबे टिकते. परंतु तांब्याला एक शत्रू आहे, तो म्हणजे तांब्याचा भाव. नांगराच्या फाळाला लागलेला पत्रा मोडीत गेला की त्याची घागर होते, आणि घागरीला वंशावळ विचारता येत नाही. असे किती पत्रे गेले असतील याची मोजदाद करणेही आता शक्य नाही. जे वाचले त्यांच्याविषयीच आम्ही बोलणार आहोत.

वर्ध्याच्या नैर्ऋत्येला देवळी. तेथे सापडलेला ताम्रपट राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा, शक ८६२ म्हणजे इ. स. ९४० चा. आपला आवडता भाऊ जगत्तुंग याच्या पुण्यप्राप्तीसाठी राजाने तालपुरुंषक नावाचे गाव दान दिले, असे त्यात आहे. हे गाव ज्या विषयात, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्यात, होते त्याचे नाव ‘नागपुर-नंदिवर्धन’ असे दिले आहे. नागपूर हे नाव दहाव्या शतकात प्रचलित होते याचा हा जुना लेखी पुरावा. आणि तो नागपुरात न सापडता आपल्या देवळीत सापडला, ही गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हा ताम्रपट डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी वाचला. प्रथम रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आणि नंतर ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पाचव्या खंडात (१८९८-९९) त्यांनी तो प्रसिद्ध केला.

‘एपिग्राफिया इंडिका’ हे नाव पुढे वारंवार येईल. जेम्स बर्जेस यांनी १८७२ साली मुंबईत ‘इंडियन अँटिक्वरी’ हे मासिक काढले. कोरीव लेखांची आवक इतकी वाढली की केवळ त्यांच्यासाठी १८८८ पासून हे दुसरे नियतकालिक सुरू झाले. पुरातत्त्व खात्याचे शिलालेख-तज्ज्ञ ते संपादित करीत. त्यांची कचेरी पुष्कळ वर्षे उटकमंडला होती. १९६६ साली ती म्हैसूरला गेली. विदर्भातल्या शेतात निघालेल्या ताम्रपटाचे ठसे निलगिरीच्या थंडीत तपासले जात, आणि तेथून शंकांची चिठ्ठी घेऊन लेख पुन्हा खाली येई.

अशा नियतकालिकाकडे निबंध पाठवावयाचा म्हणजे काय करावे लागे, ते आता क्रमाने पाहू. हे काम बाहेरून कारकुनी दिसते; तथापि त्यातल्या प्रत्येक पायरीमागे एक विचार आहे.

पहिली पायरी म्हणजे वस्तूची कुळकथा. ताम्रपट कोठे सापडला, कोणास सापडला, कोणत्या कामात सापडला, सध्या कोणाच्या ताब्यात आहे, लेखकाच्या हाती तो कसा आला, हे निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात यावयाचे. मग पत्र्यांची संख्या, लांबी-रुंदी, वजन, कडीची जाडी, मुद्रेवरचे चिन्ह. कडी आधीच कापलेली होती की ठसे घेण्यासाठी कापली, हेही नोंदवावयाचे. कारण कडी आधी कापलेली असेल तर मधला एखादा पत्रा बदलला गेला नसेल कशावरून, असा प्रश्न पुढे कोणीतरी विचारणार.

दुसरी पायरी ठशांची. पत्रा हलक्या हाताने स्वच्छ करून, त्यावर ओलसर कागद घट्ट बसवून, ब्रशने तो अक्षरांच्या खाचांत दाबतात आणि वरून शाईचा बोळा फिरवितात. पत्र्याचा सपाट भाग काळा होतो, कोरलेले अक्षर पांढरे राहते. ऐकावयास सोपे वाटते. परंतु शाई जास्त झाली तर मात्रा बुजतात, कागद सरकला तर एका अक्षराची दोन होतात. निबंधासोबत हे ठसे पाठवावेच लागतात आणि ते छापलेही जातात. लेखकाने काय वाचले एवढेच वाचकाला कळून भागत नाही. लेखकाने जे डोळ्यांनी पाहिले ते वाचकालाही पाहता आले पाहिजे.

तिसरी पायरी वाचनाची. वाकाटकांच्या बहुतेक ताम्रपटांची लिपी पेटिकाशीर्षक आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर लहानशी चौकोनी पेटी असते. तिची सवय होईपर्यंत सारी अक्षरे एकाच टोपीची दिसतात. वाचलेला मजकूर ओळीओळीने उतरावयाचा. पुसट अक्षर अंदाजाने वाचले असेल तर ते चौकटी कंसात घालावयाचे, कोरणाऱ्याची चूक दुरुस्त केली असेल तर ती गोल कंसात दाखवावयाची, राहून गेलेले अक्षर आपण घातले असेल तर त्याजवळ तारा काढावयाचा. या खुणांमुळे पान काटेरी दिसते हे खरे. पण दगडावरचे किती आणि डोक्यातले किती हे ज्या पानावर वेगळे दिसत नाही, ते पान विद्वानाच्या उपयोगाचे नसते. रोमन लिपीत संस्कृत कसे लिहावे याचे नियमही १८९४ साली जिनीव्हाच्या प्राच्यविद्या परिषदेत ठरले. तेव्हापासून पुण्याचा पंडित आणि जर्मनीचा पंडित एकाच खुणांनी बोलू लागले.

यानंतर भाषा, शुद्धलेखन, काळ, राजवंश, गावांची ओळख यांची चर्चा. मग मूळपाठ, मग भाषांतर, आणि पानोपानी टिपा. एवढे झाल्यावर निबंध टपालात पडतो. तेथे लेखकाचे काम संपले असे वाटेल. खरे तर अवघड भाग तेथून सुरू होतो. संपादक ठशांवरून मजकूर स्वतः पुन्हा वाचतो. पटले नाही तर लेखकाशी पत्रव्यवहार करतो. तरीही मतभेद उरला तर लेख छापतो, आणि लेखकाच्याच पानाखाली चौकटी कंसात आपली निराळी टीप देऊन सही करतो. ‘एपिग्राफिया इंडिका’ची पाने चाळली की अशा टिपा जागोजागी भेटतात. कल्पना करून पाहा, आपण महिनोन्‌महिने राबून लिहिलेल्या निबंधाखाली, तो पहिल्यांदा छापला जात असतानाच, ‘हे अक्षर असे नसून तसे आहे’ हेही छापून येते! भांडारकरांच्या वेळी संपादक हुल्ट्झ होते. ते एकेका अक्षराचा हिशेब मागणारे गृहस्थ. ही रीत भारतातच निघाली असे मात्र नव्हे. १६६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी शास्त्रीय नियतकालिक सुरू केले, आणि आलेले लेख जाणकारांच्या नजरेखालून घालण्याची चाल त्या सोसायटीत हळूहळू रुळत गेली. आपल्याकडचे शब्द वापरून सांगावयाचे तर, निबंध ही साक्ष आणि नियतकालिक हे कोर्ट. तेथे साक्षीदाराची उलटतपासणी चुकत नाही.

या उलटतपासणीने काय साधते, ते आता हिंगणघाटच्या उदाहरणाने पाहू.

विदर्भात वाकाटक नावाचे राजघराणे होऊन गेले, हे १९ व्या शतकातच ताम्रपटांवरून कळले होते. त्यांचा काळ मात्र ठरत नव्हता. दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटांत त्याची आई प्रभावतीगुप्ता ही महाराजाधिराज देवगुप्ताची कन्या असे लिहिलेले असे. हा देवगुप्त कोण? डॉ. फ्लीट यांनी १८८८ सालच्या आपल्या ग्रंथात तो मगधाच्या उत्तरकालीन गुप्तांपैकी देवगुप्त मानला. त्या हिशेबाने वाकाटक आठव्या शतकात जाऊन पडत. कीलहॉर्न यांच्यासारख्या चिकित्सकानेही तेच मत धरले. ब्यूलर मात्र अक्षरांच्या वळणावरून पाचवे शतक सांगत होते. दोन्ही बाजूंना मोठी नावे आणि मध्ये तीनशे वर्षांचे अंतर! अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील लेखात वाकाटकांची वंशावळ आहे, तेव्हा अजिंठ्याच्या चित्रांचा काळही याच प्रश्नाला बांधलेला होता.

हा गुंता सोडविणारे दोन पत्रे सापडले पुण्यात, एका तांबटाच्या घरी. त्यांचे घराणे मूळचे अहमदनगरकडचे. ज्या घरात जुने तांबे वितळविण्याचाच धंदा, त्या घरात हे पत्रे पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवले गेले, याला काय म्हणावे! काशिनाथ बापू पाठक यांनी १९१२ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त त्यांची पहिली वार्ता दिली, पुढे पाठक आणि काशिनाथ नारायण दीक्षित या दोघा काशिनाथांनी मिळून ते ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पंधराव्या खंडात (१९१९-२०) साग्र संपादिले. दान देणारी स्वतः प्रभावतीगुप्ता. युवराज दिवाकरसेन लहान असल्याने ती राज्य पाहत होती. आणि तिने आरंभी वंशावळ दिली ती सासरची न देता माहेरची दिली: समुद्रगुप्त, त्याचा पुत्र दुसरा चंद्रगुप्त, आणि त्याची ती कन्या. देवगुप्त हे चंद्रगुप्ताचेच दुसरे नाव, हे त्यावरून उघड झाले. आठवे शतक गेले आणि पाचवे स्थिर झाले. १९१४ साली व्हिन्सेंट स्मिथ यांनी वाकाटकांवर लिहिले ते याच नव्या पायावर. फ्लीट यांचे चुकले म्हणून त्यांची विद्वत्ता कमी ठरली नाही. त्यांनी आपली कारणे उघड मांडली होती, म्हणूनच ती नेमकी कोठे तुटतात हे पुढच्यांना दाखविता आले.

आता आपल्या जिल्ह्याचा संबंध. नंदिवर्धनाहून दिलेल्या या दानातील गावाचे नाव दंगुण. कार्तिक शुद्ध द्वादशीला भगवंताच्या चरणी अर्पून ते चनालस्वामी नावाच्या आचार्यांस दिले. दंगुण म्हणजे आजचे हिंगणघाट, असे रायबहादूर हिरालाल यांनी सुचविले आणि ते सामान्यतः मान्य झाले. सीमेवरची गावे विलवणक, शीर्षग्राम, कदापिंजन आणि सिदिविवरक. हिंगणघाटच्या श्रोत्यांनी ती आपापल्या शिवारातील नावांशी ताडून पाहावीत. परंतु एक गोष्ट येथे मनाला लागते. हे पत्रे प्रथम कोणत्या मातीतून निघाले, याची नोंद नाही. ती असती तर हिंगणघाटचा दावा कितीतरी भक्कम झाला असता. निबंधाच्या पहिल्या परिच्छेदातली ती रुक्ष कुळकथा किती मोलाची, हे ती नसते तेव्हा कळते. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. तेथे २०१५ ते २०१८ या काळात उत्खनन झाले आणि प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा निघाली. ती कोठून आणि कशी निघाली याची नोंद झाली आहे. त्या मुद्रेला अशी पोरकी राहण्याची पाळी आली नाही.

याउलट उदाहरण जांबचे. पूर्वीच्या हिंगणघाट तहशिलीतील या गावी प्रवरसेनाचा राज्यवर्ष दुसऱ्यातील ताम्रपट मिळाला. त्यात कोथुरक गावाच्या सीमा आहेत: पश्चिमेस उमा नदी, उत्तरेस चिंचापल्ली, पूर्वेस बोंथिकवाटक, दक्षिणेस मंडुकिग्राम. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी हे कोडे नकाशावर सोडविले: उमा म्हणजे वणा नदी, चिंचापल्ली म्हणजे चिचोली, बोंथिकवाटक म्हणजे बोथड, मंडुकिग्राम म्हणजे मांडगाव. एकेक नाव सुटे घेतले तर चिचोल्या विदर्भात गल्लोगल्ली सापडतील. चार नावे चार दिशांनी एका नदीच्या काठी जुळतात तेव्हा मात्र पुरावा उभा राहतो. दीड हजार वर्षांपूर्वी बैलगाडीवाला ज्या नावाने गाव विचारीत असेल, त्याच नावाचा झिजलेला तुकडा आज एस. टी.च्या पाटीवर आहे.

मिराशी कोकणातले, जन्म १८९३. पण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आले ते विदर्भाचेच होऊन राहिले. वाकाटकांचे सगळे लेख एकत्र करून त्यांनी १९६३ साली मोठा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. त्यांची आणखी एक गोष्ट आम्हांला विशेष वाटते. इंग्रजी नियतकालिकात निबंध छापून आला म्हणजे काम संपले, असे त्यांनी मानले नाही. ‘संशोधनमुक्तावली’च्या भागांतून त्यांनी तेच विषय मराठी वाचकांपुढे ठेवले. ज्या मातीतून पत्रा निघाला त्या मातीतल्या माणसाला त्यावर काय लिहिले आहे ते कळू नये, हा अन्याय त्यांनी आपल्यापुरता तरी दूर केला.

शेवटी पवनारकडे येतो. येथे आमच्या अभिमानाची परीक्षा आहे. दुसऱ्या प्रवरसेनाने नवी राजधानी वसविली, तिचे नाव प्रवरपुर. ती म्हणजे धाम नदीच्या काठचे पवनार, असे मिराशींनी १९५० च्या दशकात प्रतिपादन केले. नावाचे साम्य, गावातले जुने अवशेष, आणि मुख्य म्हणजे तेथली शिल्पे ही त्यांची कारणे. १९३८ साली विनोबा पवनारला राहावयास गेले. आश्रमाची जमीन खणताना भरत-रामभेटीचे शिल्प निघाले, हे आपणांपैकी पुष्कळांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिले असेल. अशा रामकथेच्या शिल्पांवरून येथे वाकाटककाळी रामाचे मंदिर होते असे मिराशींनी अनुमान केले. १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी तेथे उत्खनन करून दुसऱ्याच वर्षी त्याचा अहवालही छापला.

पुढे रामटेकजवळ मनसर येथे उत्खनन झाले. तेथे मोठे मंदिर आणि वाड्याचे अवशेष निघाले आणि प्रवरेश्वराच्या नावाच्या मुद्राही मिळाल्या. डच विद्वान हान्स बाकर यांनी त्या आधारे प्रवरपुर म्हणजे मनसर, असा पक्ष मांडला. २००८ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ निघाला. आज अनेक अभ्यासक त्या बाजूला झुकलेले आहेत. वर्धेकरांना हे कसे वाटेल? राजधानी आपल्या दारातून उचलून कोणी दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन ठेवावी, हे ऐकून आम्हांलाही क्षणभर बरे वाटले नाही. परंतु राग धरून उपयोग नाही. भाषणे करून आणि कमानी उभारून तर मुळीच नाही. पवनारचा पक्ष राखावयाचा असेल तर त्याला वाट एकच आहे: नवा पुरावा, त्याचे ठसे, त्याची नोंद आणि रीतसर निबंध. मिराशींनी हेच केले होते, बाकर यांनीही तेच केले. प्रवरपुर कोणत्याही गावी ठरो, पवनारची शिल्पे पवनारलाच आहेत. त्यांची साक्ष कोणी पुसू शकत नाही.

मग सामान्य नागरिकाने काय करावे? निबंध लिहिणे प्रत्येकाचे काम नाही. पण त्या निबंधाचा पहिला परिच्छेद आपल्यापैकी कोणाच्याही हातून लिहिला जाऊ शकतो. विहीर खणताना, पाया घेताना, नांगरताना पत्रा, नाणे, मूर्ती मिळाली तर ती चिंचेने घासू नये, कडी कापू नये, मोडीत तर घालूच नये. जागा, दिवस, खोली कागदावर लिहावी, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या आणि सरकारात वर्दी द्यावी. जमिनीत पुरलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूची वर्दी कलेक्टरला देण्याचा कायदा १८७८ सालीच झालेला आहे. आणि आपल्या मुलांपैकी एखाद्याने जुनी लिपी शिकण्याचे मनावर घेतले, तर ‘यात पोट भरते का?’ हा प्रश्न निदान पहिल्याच दिवशी विचारू नये.

ताम्रपट कोरविणाऱ्या राजाने शेवटी लिहून ठेवले की, यात जो फेरफार करील तो नरकात जाईल. त्याच ताम्रपटावर निबंध लिहिणारा विद्वान आपले ठसे शेजारी छापतो आणि वाचकाला म्हणतो, मी चुकलो असेन तर दाखवा. राजाचे राज्य गेले, दान दिलेली गावेही कोणाकोणाच्या हाती गेली. देवळीच्या पत्र्यावरचा मजकूर मात्र आपण आज वाचू शकतो, तो कोणी जपला, कोणी वाचला, आणि कोणी त्या वाचनावर शंका घेतली म्हणून. या तिघांपैकी पहिल्याचे काम तरी वर्धा जिल्ह्यात कधी अडू नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.